सावंतवाडीची लाकडी भातुकली : दोन लहान मुलांच्या घरातला वर्षभराचा अनुभव

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने चितारआळीकडे वळले की दुकानांच्या दारातच लाकडी फळांच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात आणि गोव्याहून परतणारे पर्यटक बहुधा त्यांतलीच एखादी उचलून पुढच्या प्रवासाला लागतात. फळे सुरेख असतात यात शंका नाही. काजूचे बोंड आणि सीताफळ तर हातात घेऊन पाहिल्याशिवाय लाकडाचे वाटत नाही. परंतु ती शेवटी दिवाणखान्यातल्या कपाटात जाऊन बसतात. ज्यांच्या घरी अडीच-तीन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतची मुले आहेत, त्यांनी दुकानात दोन पावले आत जाऊन भातुकली पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही गेल्या मे महिन्यात असा एक संच घेतला. तेव्हा थोरली मुलगी चार वर्षांची होती आणि धाकटा नुकता चालू लागला होता. संचाला हजार रुपयांच्या आतच खर्च आला.

त्यात चूल, तवा, पोळपाट-लाटणे, परात, कळशी, जाते, उखळ-मुसळ, कपबशा, झाकणाचा डबा आणि एक पळी आहे. रंग भडक म्हणावेत असे, लाल, पिवळे आणि हिरवे आहेत, आणि लहान मुलांच्या वस्तूंना तेच शोभतात. हे रंग कुंचल्याने दिलेले नसतात. लेथवर लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि तिचा पातळ, चकचकीत थर लाकडावर बसतो. त्यामुळे नखाने खरवडून किंवा जमिनीवर आपटून रंगाचे पापुद्रे सहसा निघत नाहीत. आमच्या घरी तवा रोज निदान एकदा फरशीवर पडतो. त्याच्या कडेला दोन ठिकाणी पोचे आले आहेत, पण रंग शाबूत आहे. उलट, फळांवरचा रंग हाताने चितारलेला असतो, तो इतकी आदळआपट सोसणार नाही. म्हणूनच फळे मुलांना खेळायला देऊ नयेत.

या संचाची खरी परीक्षा संध्याकाळी होते. मी कामावरून आल्यावर पायमोजे काढेपर्यंत हॉटेल उघडलेले असते. मालकीण थोरली असते, गिऱ्हाईक मी असतो आणि धाकटा हा कधी पोऱ्या, तर कधी पोलिस असतो. चहा मागितला तर आधी 'बसा, वेळ लागेल' असे ऐकावे लागते, मग रिकाम्या कपात तितकाच रिकामा चहा येतो आणि मी तो फुंकर न मारता तोंडाला लावला तर 'अरे, भाजेल ना बाबा' म्हणून रागावणेही होते. साखर मात्र मिळत नाही. 'तुला डायबेटिस आहे' असे ती ठणकावून सांगते. मधुमेह तिच्या आजोबांना आहे. पण हॉटेलच्या नियमात नाना आणि बाबा असा भेद नाही. पैसे द्यायची वेळ आली की पोळपाट भिंतीला टेकवून उभा केला जातो, मी त्याच्यासमोर हात धरायचा, आणि मागून ती आवाज जाड करून घोषणा करते, 'पाच रुपये प्राप्त झाले आहेत.' कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातल्या, पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या पेटीची लय तिने इतकी बरोबर उचलली आहे की 'प्राप्त' या शब्दाआधीचा छोटा थांबासुद्धा सुटत नाही.

धाकट्याला हॉटेलात रस नाही. त्याला कळशी हवी असते. ती दोन्ही हातांनी धरून तो डुलत-डुलत येतो, माझ्या पायांवर उपडी करतो आणि लगेच वर, माझ्या तोंडाकडे पाहतो. मी 'आई गं, किती गार!' असे ओरडलो की तो खाली बसून हसतो, उठतो आणि पुन्हा पाणी भरायला निघतो. पाणी भरण्याची जागा सोफ्याच्या डाव्या हातापाशी आहे. उजव्या बाजूला भरलेले त्याला चालत नाही.

हे सारे कोणत्याही खेळण्याने घडले असते, असे कोणी म्हणेल. माझा अनुभव तसा नाही. आमच्याकडे भेट म्हणून आलेले बॅटरीवर चालणारे स्वयंपाकघरही आहे. त्याचे बटण दाबले की शेगडीत लाल दिवा लागतो, फोडणीचा आवाज येतो आणि एक इंग्रजी गाणे सुरू होते. फोडणी यंत्रानेच दिल्यावर मुलांना करण्यासारखे काही उरत नाही आणि आईबाबांना तर नाहीच. आठवडाभरात त्याचा उपयोग धाकट्याला चढून उभे राहण्यापुरता झाला. लाकडी चुलीत यातले काहीच नसल्यामुळे चर्र असा आवाज मुलीला तोंडाने काढावा लागतो, मला खोकावे लागते, धूर झाला म्हणून खिडकी उघडण्याचे नाटक करावे लागते. पत्र्याच्या स्वस्त भातुकलीतही ही मजा आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिच्या कडा तपासून घ्याव्या लागतात आणि फरशीवर ती वाजते फार.

आता काळजीच्या गोष्टी. संचातल्या जात्याचा खुंटा पहिल्याच पंधरवड्यात निसटला. तो करंगळीएवढा असल्याने मी जाते तूर्त माळ्यावर ठेवले आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी प्रमाण चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळकांडी वापरतात. तिच्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकण्याचा धोका असतो. घरी एवढ्या मापाची पुठ्ठ्याची नळी करून ठेवली तर दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. आमच्या संचातली पळी आणि डब्याच्या झाकणाची गोंडी यांवरही लक्ष ठेवावे लागते. दुकानात 'हे तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका' असे कोणीतरी सांगायला हवे होते. सांगितले नाही आणि वेष्टनावरही तसा उल्लेख नव्हता.

आयएसआय चिन्हाबद्दल पालक हमखास विचारतात. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले, परंतु हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून माल नाकारू नये, तशीच सूट आहे म्हणून डोळे झाकून घेऊही नये. रंग कोणता वापरला, हे विचारावे. लाखकाम करणारा माणूस त्याचे उत्तर आनंदाने आणि जरा लांबलचकच देतो.

निगा सोपी आहे, पण मुलांच्या मनाविरुद्ध आहे. भांडी म्हटली की ती घासावी लागतात, हा थोरलीचा ठाम समज आहे, पण लाकडाला भिजणे आणि लाखेला उष्णता मानवत नाही. गरम पाण्यात तर ही भांडी मुळीच बुडवू नयेत. तडजोड म्हणून आम्ही ओल्या फडक्याने पुसण्याला 'घासणे' म्हणतो आणि लगेच कोरड्या पंचाने टिपतो. पावसाळ्यात डब्याचे झाकण फुगून घट्ट बसले होते, ते दिवाळीच्या सुमारास आपोआप सैल झाले.

त्याच दुकानांतून गंजिफाचे गोल, हाताने रंगवलेले पत्तेही दिसतात. दशावतारी जोडात १२० पत्ते असतात आणि ते पाहताना मोठ्यांचा हात सुटत नाही; पण आमच्या घरातला पोलिस मोठा होईपर्यंत तो मोह आवरणे शहाणपणाचे.

संच घ्यावा का, तर अवश्य घ्यावा, मात्र तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर कळशी, परात, तवा आणि पोळपाट एवढेच बाहेर ठेवावे. विक्रेत्यांकडे माझी एकच मागणी आहे : सुटे नग विकायला ठेवावेत. आमचे लाटणे हरवले तेव्हा दूरध्वनीवर विचारल्यावर पूर्ण संचच घ्यावा लागेल असे उत्तर आले. तेव्हापासून हॉटेलात पोळ्या पेन्सिलीने लाटल्या जातात आणि त्या गोल होत नाहीत, अशी मालकिणीचीच तक्रार आहे.