प्रज्वल गुलछडीचे कंद: वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी एप्रिलअखेर दहा गुंठ्यांत प्रज्वल लावली. आमच्या यवत भागात गुलछडी जुनी, माझ्याकडं आधी शृंगार होती. दोन्ही वाण बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे. शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून प्रज्वल आली, म्हणजे शृंगारचंच लेकरू.

फूल मनापासून आवडलं. कळी टोकाला किंचित गुलाबी, उमलली की पांढरीशुभ्र. सिंगल असल्यानं सहाच पाकळ्या, एकाच ओळीत, आणि खाली सरळ लांब नळी. गजऱ्याची सुई त्या नळीतून अलगद जाते, फूल चिरत नाही. आमच्या जाऊबाई बाजाराच्या दिवशी हार करतात. ओंजळभर कळ्या हातात घेतल्या आणि त्या लगेच म्हणाल्या, "ही भरते गं." खरंच, शृंगारपेक्षा एकेक कळी मोठी, त्यामुळं किलो भरायला कळ्या कमी लागतात. शृंगारपेक्षा वीस टक्के जास्त सुटी फुलं मिळतात, असं संस्था सांगते. माझ्या काट्यावर तरी ते पटतं. पहाटे पाचला तोडणीला उतरतो तेव्हा कमी वाकावं लागतं, कारण दांडा उंच आणि ताठ. वाऱ्यानं लोळत नाही, म्हणून चांगले दांडे फुलदाणीसाठीही विकले जातात.

तक्रार वाणाची नाही, कंद देणाऱ्याची आहे. एका गोणीत शे-दीडशे कंद डबलचे निघाले. कंदावरून काहीच कळत नाही. खत, पाणी, खुरपणी सगळं सारखं केलं आणि तीन महिन्यांनी दांडा फुटला तेव्हा दिसलं: पाकळ्यांच्या तीन-चार ओळी, गच्च भरलेलं फूल. दिसायला देखणं, गुच्छाला छान. पण हारवाले ते घेत नाहीत. ओवायला जाड, आणि वासही सिंगलइतका दरवळत नाही. फोन केला तर "एवढं चालतंच" म्हणाले. नाही चालत. आमचा माल सुट्या फुलांच्या बाजारात किलोवर जातो, तिथं फुलाची घडणच पैसे ठरवते.

कंद घ्यायचे तर फुलावर असलेल्या शेतात उभं राहून दांडे बघा, चार कळ्या सोलून पाकळ्या मोजा, मगच त्याच वाफ्यातले कंद सांगून ठेवा. मी डबलच्या प्रत्येक दांड्याला तांबडी चिंधी बांधली आहे. खणताना ते वेगळे काढून दारापुढं लावणार, सासूबाईंना देवघरात ठेवायला ती फुलं आवडतात.