खोलीचा हिशोब: खालच्या सर्जरीचे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून

मागच्या महिन्यात एक ट्रान्स मुलगी फाईल घेऊन आली. बसायच्या आतच विचारलं, "ताई, पीआय करू की सिग्मॉईड?" मी म्हटलं, "तुझ्या घरात आतून कडी लागेल अशा खोल्या किती?" ती बघतच राहिली. कळव्याला दहा बाय बाराची एक खोली, त्यात आई, दोन भाऊ, एक वहिनी. मोरीला पडदा आणि संडास बाहेर, चाळीचा.

मी चेष्टा करत नव्हते. माझं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून अशा मुलींसोबत ओपीडीच्या बाकड्यावर बसते आहे. डॉक्टर नाही मी. पण एवढं बघितलंय की सगळ्याजणी योनिमार्ग घडवण्याच्या पद्धतीच्या नावापासून सुरुवात करतात, आणि खरा फाटा त्याच्या आधीच फुटलेला असतो: योनिमार्गाची खोली हवी की नको? हवी असेल तर ती टिकवायला दुसरी खोली लागते, कडीवाली. ती कशासाठी, ते पुढे सांगते.

आधी सगळ्यांत छोटी शस्त्रक्रिया. ऑर्किएक्टॉमी, म्हणजे फक्त वृषणं काढणं. तासाभराचं काम, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी, एक-दोन आठवड्यांत कामावर. टेस्टोस्टेरॉनचा मुख्य कारखानाच बंद होतो, म्हणून स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉनसारखी रोखून धरणारी गोळी सुटते. इस्ट्रोजेन मात्र सुटत नाही. वृषणं गेल्यावर हाडं टिकवायला तेच एक उरतं. कंटाळा आला म्हणून गोळ्या सोडल्या की चाळिशीत हाडं ठिसूळ. आणि मूल होण्याची शक्यता कायमची संपते. वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर ते आधी, तेही शक्यतो हॉर्मोन सुरू करण्याआधी.

स्वस्त आणि झटपट म्हणून बऱ्याचजणी इथूनच सुरुवात करतात. त्यात चूक काही नाही. पण पुढे योनिमार्ग करायचा विचार असेल तर सर्जनला तसं आधी सांग. वृषणं काढली की अंडकोषाची पिशवी काळाच्या ओघात आक्रसते, आणि पुढच्या शस्त्रक्रियेत तीच कातडी अस्तरासाठी लागते. चीर कुठे द्यायची, जास्तीची कातडी ठेवायची की कापायची, हे पुढचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून ठरवता येतं. गल्लीबोळातल्या नर्सिंग होममध्ये हा विचार कोणी करत नाही. माझ्या ओळखीच्या एकीकडून 'फुल एसआरएस', म्हणजे लिंगबदलाची पूर्ण शस्त्रक्रिया, म्हणून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात शिश्न आणि वृषणं काढून टाके घालून पाठवलं. क्लिटॉरिस नाही, काही नाही. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी.

आपल्या हिजडा घराण्यांतल्या निर्वाणाचंही, म्हणजे शिश्न-वृषणं काढण्याच्या परंपरागत विधीचंही, तसंच असतं. निर्वाणाला मी नावं ठेवत नाही, त्याचा मान वेगळा आहे. शरीराच्या हिशोबाने मात्र त्यात फक्त काढलं जातं, घडवलं काही जात नाही. लघवीची वाट पुढे अरुंद होण्याचा त्रास बऱ्याचजणींना होतो. आणि नंतर योनिमार्ग हवासा वाटला तर तो करायला कातडीच शिल्लक नसते.

आता फाटा. एका बाजूला व्हल्व्होप्लास्टी, म्हणजे फक्त बाहेरचा भाग घडवणं, दुसऱ्या बाजूला व्हजायनोप्लास्टी, म्हणजे आत योनिमार्गही करणं. बाहेरून दोन्हींत फारसा फरक नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. दोन्हींत भगोष्ठ घडवतात, मूत्रमार्ग आखूड करून बसून लघवी होईल असा करतात, आणि शिश्नाच्या टोकाचा एक भाग त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्यांसकट जपून त्याची क्लिटॉरिस करतात. सुखाची जाणीव बहुतांशी तिथेच असते, म्हणजे ती दोन्हीकडे मिळते. व्हल्व्होप्लास्टीत आत बोगदा नसतो, जिथे योनीचं तोंड असतं तिथे फक्त एक खळगा. झीरो डेप्थ म्हणतात ती हीच.

या खळग्याला आपल्याकडे उगाच 'अर्धवट ऑपरेशन' म्हणतात. मला हा शब्द सहन होत नाही. गुदाशय आणि प्रोस्टेटच्या मध्ये जागा कोरायची नसल्याने गुदाशयाला भोक पडण्याचा, तिथून फिस्टुला, म्हणजे नको तिथे आरपार वाट, होण्याचा धोका जवळजवळ निघून जातो. आतले केस काढायचे नाहीत, डायलेशन (मार्ग मिटू नये म्हणून आत कांडी घालून ठेवणं) नाही, हॉस्पिटलातला मुक्काम कमी. जिला योनीतून संभोग करायचाच नाही, जिची साथीदार बाई आहे, जिला मधुमेह आहे किंवा ओटीपोटावर रेडिएशन झालंय, जिचं वय झालंय, जिच्या घरात कडीवाली खोली नाही, तिने हा पर्याय पहिल्या पानावर लिहावा. तोटा एकच, पण मोठा: पुढे मन बदललं तर योनिमार्ग करता येतो, पण तेव्हा बरीच कातडी भगोष्ठांत वापरून झालेली असते. मग पोटातून काहीतरी आणावं लागतं.

ज्यांना योनिमार्ग हवा आहे त्यांच्यासाठी जगभर सर्वांत जास्त केली जाणारी पद्धत म्हणजे पेनाईल इन्व्हर्जन, आपल्या बोलण्यातली पीआय. जॉर्ज ब्युरू नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९५६ साली मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकात ती सुरू केली. शिश्नाची कातडी मोज्यासारखी उलटी करून आत घालायची, ही मूळ कल्पना. आता त्याला अंडकोषाच्या कातडीचं ठिगळ जोडतात, म्हणजे लांबी पुरते. साधारण १२ ते १५ सेंटीमीटर खोली मिळते. चार-पाच तासांची शस्त्रक्रिया, मग पाच-सात दिवस आत पॅकिंग आणि कॅथेटर. ते दिवस म्हणजे पाठीवर पडून छताचा पंखा मोजणं.

हीच कातडी आत जाते म्हणून तिच्यावरचे केस आधी काढायला हवेत. आत केस उगवले तर नंतर ते काढणं महाकठीण. लेझरचं एक सेशन, मग चार ते सहा आठवडे थांबायचं, पुन्हा सेशन; धरून चाल की आठ-दहा महिने जातात. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस. काही सर्जन म्हणतात, आम्ही टेबलावरच मुळं खरवडून काढतो. माझ्यासाठी तसं केलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. पुन्हा ठेवणार नाही.

आणि आता ती कडी. शरीराच्या लेखी नवा योनिमार्ग म्हणजे एक जखम, आणि जखम मिटवणं हे शरीराचं कामच. ती उघडी ठेवायची तर डायलेटर. पहिले तीन महिने साधारण दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं. धुणं, पुसणं, जेली लावणं धरलं तर प्रत्येक वेळचा पाऊण तास. मग दोनदा, मग एकदा, वर्षाने आठवड्यातून एक-दोनदा, आणि ते आयुष्यभर. वेळापत्रक सर्जनागणिक बदलतं, पण टाळाटाळ कुठेच चालत नाही. पाठीवर झोपायचं, गुडघे वर, डायलेटरवर बोटांएवढ्या अंतरावर खुणा असतात, त्यातली कोणती खूण आत गेली ते हाताने चाचपायचं. कालच्यापेक्षा एक खूण बाहेर राहिली की पोटात गोळा येतो. मी भावाच्या फ्लॅटमध्ये होते, बेडरूमला कडी होती, आणि वहिनी दारावर टकटक करून "चहा ठेवलाय गं" एवढंच म्हणायची. तिने त्या तीन महिन्यांत कधी एक प्रश्न विचारला नाही. हे सगळ्यांच्या नशिबी नसतं.

बाकीचे त्रासही सांगते. टाके उसवणं, आत लालसर मांस वाढून रक्त लागणं, लघवी सरळ न जाता फवारा उडणं हे नेहमीचे, बहुतेक हळूहळू सुधारणारे. योनिमार्गाचं तोंड अरुंद होणं किंवा गुदाशयाला इजा होणं गंभीर, पण त्या मानाने कमी वेळा घडणारं. पुन्हा छोटी दुरुस्ती-शस्त्रक्रिया लागणं ही मोठी नवलाई नाही, तेवढे पैसे बाजूला ठेव. ओलावा आपोआप येत नाही, जेली कायमची.

याच 'ओलाव्या'वर सिग्मॉईडची जाहिरात चालते. मोठ्या आतड्याचा सिग्मॉईड नावाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट खाली ओढून त्याचा योनिमार्ग करतात आणि उरलेलं आतडं पुन्हा जोडतात. खोली भरपूर मिळते, कातडी लागत नाही, केसांचा प्रश्न नाही. पण ओलावा म्हणजे आतड्याचा चिकट स्राव. तो मनात इच्छा आली म्हणून येत नाही, जेवण झाल्यावरही येतो, प्रवासातही येतो. सुरुवातीचे महिने रोज पॅड. काहींना वास येतो, काहींचं ते अस्तर सुजतं. आतडं जिथे जोडलं तिथे गळती झाली तर जिवावर बेततं. 'डायलेशन नको' हेही अर्धसत्य: आत कमी लागतं, पण तोंडाशी जिथे आतडं आणि कातडी मिळतात तिथे अरुंद व्हायची भीती असतेच. शिवाय ते आतडंच आहे, म्हणून आतड्याचे आजार, गाठी, कॅन्सर यांची तपासणी त्या तुकड्याचीही करावी लागते. हे मला एकाही ब्रोशरवर दिसलेलं नाही.

तिसरा रस्ता पेरिटोनियमचा, म्हणजे पोटाच्या आतल्या पातळ, चकचकीत आवरणाचा. जन्मतः योनिमार्ग नसलेल्या स्त्रियांसाठी दाविदोव या रशियन डॉक्टरांनी १९६९मध्ये ही पद्धत मांडली. ट्रान्स स्त्रियांसाठी ती मुख्यतः गेल्या दशकभरात, दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने होऊ लागली. आतडं कापावं लागत नाही, वरचा भाग बिनकेसांचा, खोली चांगली. पोटात शिरण्याचे धोके मात्र आहेत. डायलेशन पीआयइतकंच. थोडा ओलसरपणा असतो, पण 'आपोआप ओलं होतं' हे दुकानदाराचं बोलणं समज. वीस-तीस वर्षांनी ती कशी राहते हे सांगणाऱ्या बायका अजून फार नाहीत.

मग कोणी काय करावं? माझं मत विचारशील तर कातडी पुरेशी असेल तर पीआय पहिली, आणि आतडं शेवटचं. कातडी कमी असेल, म्हणजे लहान वयात ब्लॉकर (वयात येणं थांबवणारी औषधं) सुरू झाले असतील, निर्वाण झालेलं असेल किंवा पहिली व्हजायनोप्लास्टी मिटून गेली असेल, तर पेरिटोनियम आणि सिग्मॉईड यांत तुलना कर, आणि दोन्ही करणाऱ्या सर्जनला विचार. ज्याला एकच पद्धत येते त्याला तीच सर्वोत्तम वाटणार. किती केल्या, दुरुस्तीला किती परत आल्या, गुदाशयाला इजा झाली तर रात्री दोन वाजता पोटाचा सर्जन हजर असतो का, हे तोंडावर विचार. चिडला तर फाईल उचल.

पद्धत कोणतीही असो, प्रोस्टेट काढत नाहीत. पन्नाशीनंतर डॉक्टरांना ते स्वतःहून सांग. इस्ट्रोजेनमुळे पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, आकडा कमी येतो, त्यामुळे रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असलं तरी ते तुझ्यासाठी नॉर्मल असेलच असं नाही.

तंबाखू, सिगारेट, गुटखा, मशेरी सगळं किमान चार ते सहा आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आत लावलेलं ठिगळ काळं पडतं. मशेरीला कोणी तंबाखू मानतच नाही म्हणून वेगळं सांगितलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. डब्ल्यूपाथ या ट्रान्सजेंडर आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२च्या आठव्या आवृत्तीत एका जाणकाराचं पत्र आणि किमान सहा महिने हॉर्मोन, एवढं सुचवलंय. आपल्याकडचे अनेक सर्जन अजून दोन पत्रं मागतात, म्हणून दोन तयार ठेव. ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी योनिमार्गाची जास्त खोली लागते, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात लिंग बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया एवढंच म्हटलं होतं, सेंटीमीटर कोणी लिहिले नव्हते. नियम मात्र बदलत असतात, अर्ज करशील त्या दिवशीचे बघ. २०२२मध्ये जाहीर झालेल्या आयुष्मान भारत टीजी प्लस या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि ही शस्त्रक्रिया त्यात धरली आहे. पण यादीतलं कोणतं हॉस्पिटल ती खरंच करतं, हे फोन करून विचारल्याशिवाय सुट्टी टाकू नकोस. तामिळनाडूने २००८ साली ट्रान्सजेंडर कल्याण मंडळ स्थापून सरकारी रुग्णालयांत ती मोफत करायला घेतली. आपल्याकडच्या काही मुली अजून तिकडच्या मुलींचा हेवा करतात. थायलंडला जायचं असेल तर तीन-चार आठवडे तिथे राहायचा खर्च धर, आणि परत आल्यावर टाका उसवला तर इथे कोण बघणार त्या डॉक्टरचं नाव तिकिटाआधी काढ.

कळव्याच्या मुलीने अजून ठरवलेलं नाही. व्हल्व्होप्लास्टीचं ऐकून ती आधी रागावली, मग दोन दिवसांनी फोन करून विचारलं, "त्यात खरंच बाहेरून तसंच दिसतं?" काहीही ठरलं तरी मधला वेळ वाया जाऊ नये म्हणून लेझर सुरू केलंय, तिसरं सेशन झालं. मावशीची ठाण्याजवळच्या दिवा इथे एक खोली रिकामी आहे, तीन महिन्यांसाठी मिळते का बघतेय. दाराला कडी नाही, पण ती म्हणते, ती काय, पन्नास रुपयांत बसते.