टेकडी हिरवी करायची, पण कशानं? रोपं, चर की चराईबंदी

बार्शीकडच्या बालाघाटाच्या टेकड्या असोत की सांगोल्याकडचा मुरमाड माळ, ग्रामसभेत विषय निघाला की पहिली मागणी रोपांची. खड्डा, रोप, फोटो. तिन्ही एका दिवसात उरकतं.

आमच्या टेकडीवरही उरकलं होतं. पहार वीतभर आत गेली की मुरमावर ठणकायची. त्या वाडग्याएवढ्या खड्ड्यात रोप आणि वरून टँकर. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर थांबला आणि उरल्या वाळक्या काड्या, काळ्या पिशव्या. सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण 550 मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. जूनमध्ये लावलेलं रोप मधल्या उघडिपीतच जातं. जगलं ते गिरीपुष्प, कारण शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. मूळचं मध्य अमेरिकेकडचं हे झाड, आपल्याकडे त्याला उंदीरमारीही म्हणतात. दाट लावलं की त्याच्या सावलीत गवत मरतं. मग मेंढरांनी खायचं काय?

सलग समतल चराचं गणित वेगळं. साधारण 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चर समपातळीत काढायचा आणि माती उताराच्या बाजूला टाकायची. पाणी पळत नाही, जागेवर मुरतं. खालच्या विहिरींना उपयोग होतो, रोजगार हमी योजनेतून मजुरीही मिळते. मात्र आखणी चुकली की सगळं पाणी चराच्या सखल टोकाला जमतं, तिथं भराव फुटतो आणि नवी ओघळ पडते. म्हणून आधी ए-फ्रेमनं, म्हणजे समपातळी दाखवणाऱ्या काठ्यांच्या साध्या चौकटीनं, फक्कीची रेघ मारून घ्या. मशीन घाईनं फिरवलंत तर होतं ते गवतही उपटलं जाईल. जिथं उतार उघडा पडलाय तिथंच चर घ्या, ओघळीत अनघड दगडी बांध घाला. काम माथ्याकडून पायथ्याकडे.

तिसरा पर्याय चराईबंदीचा. पैसा सगळ्यात कमी, भांडणं सगळ्यात जास्त. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली आणि गवत कापून न्यायची वाट मोकळी ठेवली. तिथला डोंगर बदलला त्यात याचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे सुरुवातीला कुसळी हे टोचरं गवतच फार येतं, चालून आलं की त्याची कुसळं पायजम्यातून वेचत बसावं लागतं. पवना, मारवेल ही चाऱ्याची गवतं मागून येतात. आणि माळ म्हणजे काही उजाड पडलेलं जंगल नव्हे. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासूनचं. तिथल्या काळवीटाला, लांडग्याला हाच उघडा गवताळ माळ लागतो. तिथं झाडांची दाटी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

माझं मत विचाराल तर आधी गवत, मग गरजेपुरते चर, झाडं शेवटी, तीही हिवर, बोर, बाभूळ अशी, खोल माती असेल तिथं. विहिरी आटणं हेच तुमचं मुख्य दुखणं असेल तर चर आधी घ्या.

पण अख्खी टेकडी एकदम बंद करू नका. दहा शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला तुमची हिरवी टेकडी तीन वर्षांनी दिसेल, शेळ्यांना आज संध्याकाळी खायला लागतं. एक तृतीयांश बंद ठेवा, बाकी आळीपाळीनं चारू द्या. बंद भागातलं गवत बी पडल्यावर विळ्यानं कापायचा पहिला हक्क शेळ्या-मेंढ्यावाल्यांचा. जमीन गायरान आहे की वन खात्याची, हे सातबाऱ्यावर आधी पाहा. वन खात्याची असेल तर नुसत्या ठरावानं भागत नाही.

आणि हो, ती ग्रामसभा सकाळी अकराला ठेवू नका. मेंढरं त्या वेळी रानात असतात.