इजिप्तची ग्रुप टूर, आठ महिन्यांनंतर: तक्रार तिकिटाची होती, आता वेळेची आहे

परतल्या परतल्या मी या टूरला पाचपैकी दोन तारे दिले होते, तेही एका वाक्यापायी. माहितीपत्रकात छापलं होतं, ‘सर्व स्थळांचे प्रवेशशुल्क समाविष्ट’. लक्सरला राजांच्या खोऱ्यात, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांच्या कबरी आहेत तिथे, पोचल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, साध्या तिकिटावर तीनच कबरी. तुतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांची तिकिटं वेगळी, ती ज्याची त्याने काढायची. खिडकीवर रोख चालत नव्हती, कार्डच हवं, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे नुसत्या नोटा. आधी एवढे पैसे मोजून घेतल्यावर तिथे पुन्हा पाकीट उघडायला लावतात याचा मला संताप आला. एकही जादा तिकीट काढायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

ताईने ऐकलं नाही. स्वतःच्या कार्डावर रामसेसच्या कबरीची दोन तिकिटं काढून म्हणाली, “आधी चल. भांडायचं ते नंतर भांड.”

उतरत उतरत शेवटच्या दालनात गेलो आणि वर पाहिलं. गडद निळ्या छतावर पिवळ्या रंगात आकाशदेवी नूत, दोनदा, पाठीला पाठ लावून. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो, सकाळी ती त्याला पुन्हा जन्म देते. तीन हजार वर्षांपूर्वीचा रंग, आणि कडा अजून स्वच्छ. संपूर्ण सहलीत मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे छत.

तिकिटाच्या पैशांसाठी मी कंपनीशी दोन महिने पत्रव्यवहार केला. ती मागणी आता सोडली आहे. वाक्य चुकीचंच होतं, पण त्याहून मोठं नुकसान मला फोटो लावताना कळलं. फोटोंवरच्या वेळांवरून हिशेब केला: त्या छताखाली आम्ही अकरा मिनिटं होतो. खोऱ्यात एकूण पावणेदोन तास. कबरींच्या आत गाईडला बोलायची परवानगी नाही, म्हणून सगळी माहिती बाहेर उन्हात, फलकासमोर. त्यात अर्धा तास गेला. आणि परतीच्या वाटेवर अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या कारखान्यात? एक तास दहा मिनिटं. त्याच दिवशी, त्याच बसने. लक्सरच्याच कर्नाक मंदिरातल्या १३४ खांबांच्या दालनालाही इतका वेळ मिळाला नव्हता.

अबू सिंबेलच्या देवळाबाबत मात्र त्यांचं कौतुक करायला हवं. आस्वानहून पहाटे साडेतीनला निघायचं म्हटल्यावर मी कुरकुरले होते, पण त्यामुळेच गर्दीच्या आधी पोचलो आणि तिथे दोन तास मोकळे मिळाले. आस्वानच्या धरणामुळे बुडणार होतं म्हणून १९६४ ते १९६८ या काळात हे देऊळ कापून ६५ मीटर वर नेऊन पुन्हा बसवलं. मी तिथल्या रामसेस दुसऱ्याच्या पुतळ्यांवर सांधे शोधत बसले. कुणी घाई केली नाही.

जेवण, बोट, हॉटेलं ठीक.

आता तारे तीन. कोणी जाणार असेल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: खोऱ्यात नेमके किती तास, आणि वाटेत कोणती दुकानं. कार्ड जवळ ठेवा. सेती पहिल्याची कबर मी हट्टापायी सोडली. ताई पुन्हा जायचं म्हणते आहे, या वेळी ग्रुपशिवाय, आणि लक्सरला चार दिवस.