हायलोमार ब्लू: जुन्या बीएसएवर दोन वर्षं वापरल्यानंतर

इंजिनच्या तळाची जाळी काढली आणि हातात लाल रबराच्या शेवया आल्या. माझ्या बीएसए एम२० या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनावर आधी कुणीतरी सिलिकॉन सीलंट (सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून लावायची पेस्ट) सढळ हाताने थापलं होतं. बाहेर आलेलं त्याने नीट पुसलं असणार. पण जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही दाबलं जातं, आणि तिथे फडकं पोचत नाही. इंजिन ४९६ सीसीचं, ड्राय सम्प. ऑइल वेगळ्या टाकीत, पंपाची एक गिअरजोडी ते इंजिनात ढकलणार, दुसरी तळातून उपसून परत टाकीत पाठवणार. तुटलेली शेवई जाळीत अडकली म्हणून निभावलं. ऑइलच्या बारीक भोकात शिरली असती तर बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचं) काय झालं असतं, ते न बोललेलं बरं.

तेव्हापासून क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकभोवतीच्या दोन भागांच्या कवचाच्या, सांध्याला हायलोमार ब्लू हे सीलंट वापरतोय. हे मूळचं रोल्स-रॉइसने जेट इंजिनांच्या सांध्यांसाठी विकसित केलेलं. पॉलियुरेथेनचं, निळं, आणि मुख्य म्हणजे कधीच कडक न होणारं. उणे ५० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं असं ट्यूबवर लिहिलंय. माझं हवेवर थंड होणारं इंजिन क्रँककेसपाशी त्याच्या आसपासही जात नाही.

या इंजिनाच्या क्रँककेसच्या दोन भागांमध्ये पॅकिंग नसतंच, धातूला धातू भिडतो. तिथे जाड थर दिला तर गळती थांबेलही, पण दोन्ही भाग तेवढे लांब राहतात आणि क्रँकचा एंड फ्लोट (आडवं सरकायला ठेवलेली मोकळीक) बदलतो. म्हणून थर इतका पातळ हवा की खालचा अ‍ॅल्युमिनियम निळसर दिसला पाहिजे. मी दोन्ही फेस (एकमेकांना भिडणारे पृष्ठभाग) अ‍ॅसिटोनने पुसतो, बोटाने हात फिरवल्यासारखं लावतो, आणि साधारण दहा मिनिटं थांबतो. त्यातलं सॉल्व्हंट उडून गेलं की ते चिकट होतं, मग सांधा जुळवायचा. घाई केली तर ओलं असतानाच सगळं बाहेर येतं. पहिल्यांदा मी केलीच.

दुसरा फायदा खोलताना कळतो. गेल्या वर्षी बेअरिंगसाठी इंजिन परत उघडलं. प्लॅस्टिकच्या हातोडीच्या दोन टपल्यांत सांधा सुटला आणि उरलेलं अ‍ॅसिटोनने निघालं. ज्या फेसवर स्क्रू-ड्रायव्हर खुपसायची वेळ येते, तो पुढच्या वेळी गळणारच. माझ्या क्रँककेसवर अशी जुनी जखम आहे, समोरच्या स्टडजवळ (दोन्ही भाग आवळणाऱ्या आटे पाडलेल्या दांडीजवळ).

आता तक्रारी. हे प्रकरण भयंकर चिवट आहे. ट्यूब उचलली की तार निघते आणि ती पाना, शर्ट, दाराची कडी असा प्रवास करते. टोपण तर हमखास चिकटून बसतं. खरी मर्यादा मात्र वेगळी: हे खड्डा भरत नाही. फेस सपाट असेल तरच काम करतं. स्टडच्या भोकाभोवती धातू वर उचलला गेलेला असतो, तो आधी हलक्या हाताने उतरवावा लागतो. छोटी कव्हरं मी जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासतो.

जिथे ओरखडा आहेच तिथे अनएरोबिक सीलंट सरस वाटतं. हवा नसेल आणि दोन्हीकडे धातू असेल तेव्हाच ते पक्कं होतं. त्यामुळे आत दाबलं गेलेलं घट्ट न होता ऑइलबरोबर विरघळून जातं, शेवया होत नाहीत. फक्त कागदी पॅकिंगवर ते वापरू नये, ते धातू-धातूसाठीच. आणि एकाच सांध्यावर दोन्हींची खिचडी नको.

सगळीकडे काहीतरी फासायची खोड मात्र मोडायला हवी. टॅपेट कव्हरच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांवरच्या झाकणाच्या) पॅकिंगला मी नुसता ग्रीसचा हात देतो, म्हणजे व्हॉल्व्हचा क्लिअरन्स बघायला उघडलं तरी तेच पॅकिंग पुन्हा चालतं. ऑइल पंपाखाली कोरडं, नवं पॅकिंग, भोकं जुळवून. तांब्याचं हेड गॅस्केट लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ होतं, त्याला दुसरं काही लागत नाही. पेट्रोलच्या नळाला सिलिकॉन तर अजिबातच नको, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं.

ट्यूबला दोष देण्याआधी ब्रीदरही (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी वाट) बघावा. तो तुंबला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून वाट काढतं. शिवाय गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू तळात उतरतं. मी पहिले तीन महिने त्या गळतीचं खापर हायलोमारवर फोडत होतो.

सध्या बाकी सांधा कोरडा आहे. समोरच्या स्टडखाली मात्र लांबच्या फेरीनंतर एक ओलसर रेघ दिसते, बरोबर त्या जुन्या जखमेवर. पुढच्या वेळी इंजिन उघडेन तेव्हा तो फेस पूर्ण पुसून अनएरोबिक लावणार आहे. निळी ट्यूब तेव्हा कपाटातच राहील, टोपण उघडलं तरी.