एक गाणे, चार वेळा : अलॅनिस मॉरिसेटच्या 'जॅगेड लिटल पिल'चा चार सीडींचा संच

पहिल्या सीडीवरचे पहिलेच गाणे, 'ऑल आय रिअली वॉन्ट', ऐन भरात आलेले असते आणि एकाएकी थांबते. शांततेची एवढी धास्ती का, असे गायिका समोरच्याला विचारते, ही घे, सोसते का बघ, असे सांगते, आणि त्यासरशी गिटार, ठेका, माउथ ऑर्गन सगळे गप्प होते. जेमतेम दोन-तीन सेकंद जातात, पण तेवढ्यात ऐकणाऱ्याचा हात नकळत आवाजाच्या बटणाकडे वळतो. मग ती परत येते आणि विचारते की एवढ्याशा वेळात तुझ्या मनात बिले, जुने प्रेमपात्र, कामाच्या मुदती हेच सगळे येऊन गेले ना? अलॅनिस मॉरिसेटच्या सगळ्या लेखनाची किल्ली मला या शांततेत सापडते. जगाने तिला 'संतापलेली तरुणी' म्हणून ओळखले. मला मात्र ती आधी नेमके बोलणारी आणि मग संतापणारी कवयित्री वाटते, आणि तिच्या 'जॅगेड लिटल पिल' या अल्बमचा चार सीडींचा संच हे मत कानांनी पडताळून पाहण्याची फार चांगली सोय करून देतो.

मूळ अल्बम १३ जून १९९५ रोजी आला आणि त्याला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०१५ साली हा संच निघाला. पहिल्या सीडीवर रीमास्टर केलेला, म्हणजे ध्वनी नव्याने घासूनपुसून घेतलेला, मूळ अल्बम आहे, दुसरीवर त्याच काळातली, मूळ अल्बमात न घेतलेली दहा गाणी कच्च्या, डेमो स्वरूपात आहेत, तिसरीवर २००५ साली तिने हाच अल्बम नव्याने, अकूस्टिक म्हणजे विजेच्या जोडीशिवाय वाजणाऱ्या वाद्यांवर गायला तो आहे, आणि चौथीवर सप्टेंबर १९९५ मध्ये लंडनच्या एका छोट्या क्लबात झालेला कार्यक्रम आहे. एकाच कलाकृतीच्या या चार अवस्था सलग ऐकताना एका गायिकेचे वयात येणे ऐकल्यासारखे वाटते.

हे वयात येणे सोपे नव्हते, आणि ते समजून घेतल्याशिवाय पहिल्या सीडीचे मोल पुरते कळत नाही. अलॅनिसचा जन्म १ जून १९७४ रोजी कॅनडाच्या ओटावा शहरात झाला. आईवडील दोघेही शिक्षक; वडील फ्रेंच-कॅनेडियन, आई हंगेरियन वंशाची, आणि घरातले वातावरण कॅथलिक. लहान वयातच ती मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेत दिसली, आणि १९९१ साली, म्हणजे सोळा वर्षांची असताना, नुसत्या 'अलॅनिस' या नावाने तिचा पहिला अल्बम आला. ते नाचाच्या ठेक्यावरचे, त्या काळच्या फॅशनला धरून केलेले पॉप संगीत होते. कॅनडात ते चांगले चालले आणि तिला होतकरू गायिकेचा जूनो हा कॅनडातला संगीत पुरस्कारही मिळवून देऊन गेले. पुढच्याच वर्षी आलेला दुसरा अल्बम मात्र पहिल्याइतका चालला नाही आणि कंपनीशी असलेला तिचा संबंध संपला. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एखाद्या मुलीची कारकीर्द आटोपली असे ठरवून टाकणाऱ्या धंद्याबद्दल तिच्या मनात काय साठले असेल, ते 'राइट थ्रू यू' या गाण्यात स्पष्ट ऐकू येते. तिचे नावही धड लक्षात न ठेवणाऱ्या, तिच्याकडे माल म्हणून पाहणाऱ्या वजनदार माणसाला या गाण्यात ती आरपार पाहते.

ओटावाहून टोरांटो आणि तिथून लॉस एंजेलिस असा प्रवास करत १९९४ साली ती ग्लेन बॅलार्ड या संगीतकार-निर्मात्याला भेटली. मायकल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर' या गाण्याचा बॅलार्ड हा सहलेखक, म्हणजे तयार, घोटीव पॉप संगीतातला मुरलेला माणूस. अशा माणसाने एका विशीतल्या मुलीच्या कच्च्या आवाजावर हात फिरवून तो गुळगुळीत केला नाही, ही मला या अल्बमातली सर्वांत मोठी निर्मितीविषयक निवड वाटते. दोघे बॅलार्डच्या घरच्या स्टुडिओत बसत, बहुतेकदा एका दिवसात एक गाणे लिहून त्याच दिवशी ध्वनिमुद्रित करत, आणि तेव्हा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात जो आवाज टिपला गेला तोच बऱ्याच गाण्यांत अखेरपर्यंत ठेवला गेला. म्हणूनच तिचा श्वास घेतल्याचा आवाज, शब्दाच्या मध्यावर फुटणारा सूर, ओळीच्या शेवटी एकाच अक्षरावर घेतलेला तो हेलकावा, हे सगळे तसेच्या तसे राहिले आहे. रीमास्टर केलेल्या सीडीत वाद्ये थोडी अधिक ठसठशीत वाटतात, पण आवाजाला कोणी धक्का लावलेला नाही, आणि मला तरी त्याचे समाधान वाटले.

गाण्यांचे विषय पाहिले की 'संताप' हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. 'परफेक्ट'मध्ये ती स्वतः आईवडिलांच्या जागी उभी राहून बोलते: पहिला नंबर आणलास तर आम्ही प्रेम करू, आमच्या उणिवा तू भरून काढ. हे गाणे हळू आवाजात, लाडीगोडीने सुरू होते आणि त्या लाडीगोडीतच त्याची सगळी भीती आहे. 'फरगिव्हन' कॅथलिक बालपणातल्या अपराधभावाविषयी आहे. 'मेरी जेन'मध्ये ती पुन्हा वजन घटवत चाललेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या एका मैत्रिणीला जपून, जवळ बसून विचारपूस करावी तसे विचारत जाते. 'नॉट द डॉक्टर'मध्ये जोडीदाराची आई, दाई आणि वैद्य होण्याला ठाम नकार आहे, तर 'हेड ओव्हर फीट'मध्ये आपल्याशी कोणी चांगले वागले तर ते स्वीकारायला किती अवघड जाते याची कबुली आहे. अल्बमचे नाव 'यू लर्न' या गाण्यातल्या एका ओळीतून आले आहे: धारदार कडांची एक बारीकशी गोळी, जी गिळायची आणि पोटात जिरू द्यायची.

'यू ऑटा नो' हे अल्बममधून पुढे आलेले पहिले गाणे, आणि या संचात ते चार वेळा भेटते. पहिल्या सीडीच्या सुरुवातीला ते आपल्या ओळखीच्या रूपात आहे. 'रेड हॉट चिली पेपर्स' या रॉक बँडमधल्या फ्लीचा बास आणि डेव्ह नॅव्हारोची गिटार त्यात आहे, आणि फ्लीचा बास इथे नुसती साथ करत नाही, तो गायिकेशी भांडतो. त्याच सीडीच्या अखेरीस त्या गाण्याचे वेगळे मिश्रण (मिक्स) येते. लंडनच्या कार्यक्रमात ते तिसऱ्यांदा येते आणि तिथे ड्रमवर टेलर हॉकिन्स आहे. पुढे 'फू फायटर्स' या रॉक बँडमध्ये नाव कमावलेला आणि २०२२ साली गेलेला हा वादक त्या वेळी तिच्या दौऱ्यातल्या वाद्यवृंदात होता. क्लब लहान, वाद्ये जवळ, आणि हॉकिन्स असा वाजवतो की गाण्याला मागून कोणी ढकलत असल्याचा भास होतो. त्या ढकलण्यात अलॅनिसचे काही शब्द निसटतात, ती धाप लागल्यासारखी पुढच्या ओळीवर उडी घेते, आणि ते ऐकायला विलक्षण छान वाटते.

चौथ्यांदा हे गाणे २००५ च्या अकूस्टिक सीडीवर भेटते तेव्हा गाणारी बाई एकतीस वर्षांची आहे. वेग कमी झाला आहे, आवाज खाली आला आहे, शब्द तेच आहेत. दहा वर्षांपूर्वी जी ओळ फेकून मारल्यासारखी येत होती, ती आता समोर बसून, नजर न हलवता सांगितल्यासारखी येते. राग ओसरला तरी तक्रार तितकीच अचूक राहते, हे या दोन आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यावर कळते. हे गाणे नेमके कोणत्या पुरुषाविषयी आहे, याची चर्चा तीस वर्षे चालू आहे. अलॅनिसने त्याचे नाव कधी सांगितले नाही, आणि मला तिचा तो संयम गाण्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यामुळेच ते गाणे ऐकणाऱ्या हजारो जणींचे होऊ शकले.

अकूस्टिक सीडीबद्दल सगळ्यांचे मत चांगले नाही, हे मला ठाऊक आहे. काही गाणी, विशेषतः 'हँड इन माय पॉकेट', मुळात एका आडदांड यंत्रवत ठेक्यावर उभी आहेत, आणि तो ठेका काढल्यावर ती जरा मोकळी पडतात. पण 'आयर्निक' ऐकावे. मूळ गाण्यात स्वप्नातला पुरुष भेटतो आणि पाठोपाठ त्याची सुंदर बायको भेटते. २००५ मध्ये अलॅनिसने ती ओळ बदलून बायकोच्या जागी नवरा आणला. हे सगळे प्रसंग खऱ्या अर्थाने 'आयर्निक', म्हणजे नियतीने उपरोध केल्यासारखे, आहेत की नुसते दुर्दैवी, यावर इंग्रजीच्या शिक्षकांनी आणि विनोदवीरांनी पुष्कळ वाद घातला आहे. त्या वादात मला रस नाही. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याला लॉटरी लागते आणि तो दुसऱ्या दिवशी मरतो, ही गोष्ट सांगताना तिच्या आवाजात जी मायाळू हळहळ आहे, ती कोणत्याही व्याख्येहून मोठी आहे.

डेमोंची सीडी मी सर्वांत जास्त उत्सुकतेने लावली आणि तिनेच मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. दहाही गाणी सारख्या तोलाची नाहीत. काहींत ती अजून आधीच्या पॉप वळणातून पुरती बाहेर आलेली नाही, काहींत शब्द भरपूर आणि चाल तोकडी आहे, आणि ती अल्बममधून का गळली हे दोन कडव्यांतच उमगते. परंतु 'दीज आर द थॉट्स' हे गाणे एकट्यासाठी ही सीडी जपून ठेवावी असे आहे. रविवारची दुपार, घरात दुसरे कोणी नाही, प्रियकराशी भांडण्यात शक्ती खर्च होत नाहीये, आणि परसात बसलेल्या बाईच्या मनात एकामागून एक प्रश्न येत राहतात. त्यात कथानक नाही, उत्तर नाही, नुसती यादी आहे. पुढे १९९८ मध्ये भारतातून जाऊन आल्यावर तिने लिहिलेल्या 'थँक यू' या गाण्यात हाच यादीचा घाट पूर्ण पिकलेल्या रूपात भेटतो. तिथे ती भारताचे, भीतीचे, मौनाचे आणि भ्रमनिरासाचेही आभार मानते. ही सवय तिला आधीपासून होती, प्रवासाने ती घडवली नाही, हे या सीडीमुळे मला प्रथमच कळले.

आता तक्रारी. अकूस्टिक अल्बम २००५ पासून स्वतंत्रपणे मिळत होता, त्यामुळे ज्यांनी तो तेव्हाच घेतला त्यांना तीच सीडी पुन्हा विकत घ्यावी लागते. त्याच्या पहिल्या विक्रीचाही एक किस्सा आहे: सुरुवातीचे सहा आठवडे तो उत्तर अमेरिकेत फक्त स्टारबक्सच्या कॉफीगृहांत मिळेल असे ठरले, आणि त्याच्या निषेधार्थ एचएमव्ही या संगीतविक्रेत्या साखळीच्या कॅनडातील दुकानांनी तिचे इतर अल्बम फडताळावरून काढून ठेवले. जिच्या पदार्पणावर कॅनडातल्या दुकानदारांनी पैसे कमावले, तिच्याशी असे वागणे मला आजही खटकते. दुसरी तक्रार माझ्या प्रतीची. मी हा संच ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला त्याने 'नवा' म्हणून पाठवलेल्या संचाच्या कोपऱ्याला पोचा होता आणि चौथी सीडी कप्प्यातून सुटून खरवडली गेली होती. 'मेरी जेन' लागले की ती अडखळायची. बदलून मिळायला तीन आठवडे गेले. जुन्या संचांच्या बाबतीत सीडी काढून, उजेडात तिरकी धरून पाहिल्याशिवाय पावती फेकू नये, एवढे मी सांगेन.

मूळ अल्बमच्या जगभरात ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि १९९६ च्या ग्रॅमी समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमसह चार पुरस्कार तिने वयाच्या एकविसाव्या वर्षी घेतले. तेवढ्या लहान वयात सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान तोवर कोणाला मिळाला नव्हता. २०१० मध्ये टेलर स्विफ्टने तो विक्रम मोडला. या संचात अर्थातच तिची पुढची वाटचाल नाही. १९९८ चा सतरा गाण्यांचा, लांबलचक आणि हट्टी अल्बम त्यात नाही, २००२ मध्ये तिने एकटीने लिहून आणि निर्मिती करून काढलेला 'अंडर रग स्वेप्ट' नाही. या अल्बमवर बेतलेले आणि २०१९ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर पोचलेले संगीत नाटक तर संच निघाल्यानंतरचे. ज्यांना तिची सबंध कारकीर्द हवी आहे त्यांनी या संचापाशी थांबू नये. ज्यांच्याकडे मूळ सीडी चांगल्या स्थितीत आहे आणि ज्यांना डेमोंचे फारसे कुतूहल नाही, त्यांनी तो घेतला नाही तरी चालेल. मूळ अल्बम आणि डेमो एवढ्याच दोन सीडींची आवृत्तीही तेव्हाच निघाली होती, बहुतेकांना ती पुरेल. मी मात्र लंडनच्या त्या कार्यक्रमासाठी चारही सीडी पुन्हा घेईन.

एक सूचना, विशेषतः प्रथमच ऐकणाऱ्यांसाठी. पहिली सीडी 'वेक अप'नंतर काढू नये. शेवटच्या ट्रॅकवर आधी 'यू ऑटा नो'चे ते दुसरे मिश्रण येते, मग पुन्हा एक शांतता पसरते, आणि मुखपृष्ठामागच्या यादीकडे लक्ष नसेल तर सीडी संपली असेच वाटते. त्यानंतर एकही वाद्य न घेता 'युअर हाउस' सुरू होते. एक बाई प्रियकराच्या घरात न विचारता शिरते, त्याच्या स्नानगृहात अंघोळ करते, त्याचा झगा अंगावर घेते, आणि मग तिला मेजावर दुसऱ्या कोणाचे तरी पत्र सापडते. खोलीत तेवढा तिचा आवाज असतो आणि दोन ओळींच्या मधला तिचा श्वास.