एकच थकबाकी, दोन गिऱ्हाइकं

रिसेलचा फ्लॅट घेतलाय आणि मीटर अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. थकलेलं वीजबिल भरून देतो असं सांगून आम्हाला एका एजंटने फसवलं. आमच्या बाबतीत नेरूळमध्ये झालं, पण वाशी, खारघर, घोडबंदर रोड, कुठेही होईल. असली माणसं ताबा आणि नावबदल यांच्या मधल्या काळावर टपून असतात. घर तुमचं असतं, वीज तुम्ही जाळता, पण बिलाचे मेसेज जातात जुन्या मालकाच्या मोबाइलवर.

ताबा मिळाला 2024 च्या दिवाळीनंतर. सिडकोचं हस्तांतरण, कर्जाचे कागद, सोसायटीची एनओसी यात आमचा पिट्टा पडला होता. ब्रोकरने किल्ल्यांसोबत एक फोल्डर दिलं. त्यात मेंटेनन्सचं नो ड्यूज होतं, मालमत्ता कराची पावती होती, पाइप गॅसचं बिल होतं. विजेचं काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "ते आमचा माणूस बघतो, ताई. नावपण तोच चढवून देईल."

दुसऱ्याच दिवशी तो माणूस हजर. गळ्यात निळी दोरी, पण तिला लावलेलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात सरकवलेलं, म्हणजे नुसती दोरीच दिसत होती. खाली मीटर रूममध्ये त्याने इतक्या मीटरांतून आमचा मीटर बरोबर दाखवला, बारा अंकी ग्राहक क्रमांक न बघता म्हणून दाखवला आणि सांगितलं, आधीच्या भाडेकरूने 18,400 रुपये थकवलेत. मी तिथेच उभी राहून महावितरणच्या ॲपवर तो क्रमांक टाकला. थकबाकी खरी होती, अगदी तेवढीच. ही मंडळी खोट्या आकड्याने सुरुवात करतच नाहीत. आकडा खरा, मीटर खरा, थकबाकी खरी, मग माणूस तेवढा खोटा कसा असेल?

पुढे तो म्हणाला, "ताई, अभय योजना चालू आहे, व्याज माफ होतंय. 16,200 मध्ये मिटवून देतो. पण आज फाइल गेली पाहिजे, नाहीतर उद्या लाइन कट."

या वाक्यातलं खरं-खोटं मला नंतर कळलं, तुम्ही आत्ताच वाचून ठेवा. अभय योजना खरीच होती, 1 सप्टेंबर 2024 पासून सुरू झालेली. पण ती ज्यांची जोडणी कायमची तोडलेली आहे अशांसाठी. आमचा मीटर तर फिरत होता, आम्ही त्या योजनेत बसतच नव्हतो. आणि 'उद्या कट' हेही शक्य नव्हतं. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी धमकीला काहीही किंमत नाही.

घरात सासूबाईंचा दमा आणि दिवसातून दोनदा लागणारं नेब्युलायझर. ह्यांनी एटीएममधून रक्कम काढून दिली. वर नावबदलाचे 3,500. गॅसचं नाव बदलायचे वेगळे 2,000, कारण म्हणे "डिपॉझिट बुडेल". संध्याकाळी पावती आली. गोल शिक्का, ग्राहक क्रमांक बरोबर, नाव जुन्या मालकाचं, आणि भरणा प्रकार या रकान्यात 'रोख'. ॲपवर मात्र थकबाकी तशीच दिसत होती. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "योजनेचं क्रेडिट पुढच्या बिलात येतं."

पुढच्या बिलात थकबाकी आणखी वाढून आली. त्यानंतर नोटीस आली, लेखी, रीतसर. ती घेऊन मी उपविभाग कार्यालयात गेले.

खिडकीवरच्या बाईंनी पावती हातात घेतली आणि संगणकाकडे बघायच्या आधीच म्हणाल्या, "सोळा हजार रोख? घेतलेच नसते आम्ही." 1 ऑगस्ट 2023 पासून महावितरण घरगुती ग्राहकाकडून महिन्याला 5,000 रुपयांपर्यंतच रोख घेते. त्याच्या वरची रक्कम ऑनलाइन किंवा चेकने. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यांना माहीत असायला हवी ती हीच एक गोष्ट. 5,000 च्या वरची रोखीची पावती कोणी दाखवली तर ती खोटीच, शिक्का कितीही गोल असो. माझ्या नावाने नावबदलाचा अर्जही आलेला नव्हता.

मग जुन्या मालकांना फोन लावला. ते नाशिकला असतात. माझी समजूत होती की थकबाकी लपवून हे गृहस्थ मोकळे झाले. त्यांना म्हटलं, काका, तुम्ही बिल न भरता घर विकलंत. ते चिडलेच. "अहो, मी भरलंय! व्यवहाराच्या आधीच भरलंय, तुमच्याच ब्रोकरच्या माणसाकडे." पाचव्या मिनिटाला व्हॉट्सॲपवर त्यांच्या पावतीचा फोटो आला. मी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. तारीख वेगळी, रक्कम वेगळी, पण पावती क्रमांक एकच. शिक्क्याची डावी कड जिथे माझ्या पावतीवर फुटली होती, तिथेच त्यांच्याही. एकच थकबाकी त्याने विकणाऱ्याकडूनही घेतली आणि घेणाऱ्याकडूनही, आणि भरली मात्र दमडीसुद्धा नाही. विकणारा आणि घेणारा व्यवहारानंतर एकमेकांशी बोलत नाहीत, ब्रोकरच्या मार्फतच निरोप जातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एजंटचा फोन बंद. ब्रोकरचं म्हणणं, "मी फक्त नंबर दिला होता." दलालीचा शेवटचा हप्ता आमच्याकडेच राहिला होता, तो आम्ही रोखला, आणि तो मागायला मात्र हे महाशय पुन्हा आले नाहीत. यातून काय समजायचं ते समजा.

आता थकबाकी कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न. जुन्या मालकाचं देणं नव्या मालकाकडून वसूल करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये के. सी. निनान खटल्यात तसं म्हटलंय, फक्त त्या राज्याच्या नियमांत तशी तरतूद हवी. महाराष्ट्रात ती आहे, पण तिला मर्यादा आहे: घेणारा वारस नसेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी. भाडेकरू अधूनमधून थोडे थोडे पैसे भरत राहिल्यामुळे आमची थकबाकी त्याहून जुनी होती, म्हणून आम्ही लेखी अर्ज देऊन तेवढाच हिशेब करून घेतला. ती रक्कम काकांनीच दिली, कारण ताब्याच्या तारखेपर्यंतची सगळी देणी विकणाऱ्याची, हे कलम करारनाम्यात होतं. तुमच्या करारनाम्यात नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या, आणि त्यात ताब्याच्या दिवशीचं मीटर रीडिंगही लिहून घ्या. आम्ही ते मोबाइलवर फोटो काढून ठेवलं होतं, ते उपयोगी पडलं.

नावबदल मी शेवटी घरी बसून केला. महावितरणच्या वेबसाइटवर अर्ज, इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं पत्र, शुल्क ऑनलाइन. एजंटने जे 3,500 घेतले त्याच्या पासंगालाही ते शुल्क पुरत नाही. पण नावबदल होण्याच्याही आधी करायचं काम म्हणजे मोबाइल नंबर. एसएमएसनेही तो जोडता येतो, पण ते लफडं नको वाटत असेल तर सरळ 1912 वर फोन करून आपला नंबर ग्राहक क्रमांकाला जोडून घ्या. मग बिल, भरणा, नोटीस, सगळं थेट तुमच्याकडे येतं आणि मधल्या माणसाची गरजच उरत नाही.

गॅसचंही तसंच. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे तिथे फसलेलं आणखी उशिरा कळतं. बिलावरचा बीपी नंबर, म्हणजे गॅसचा ग्राहक क्रमांक, घेऊन कंपनीच्याच ग्राहक सेवेकडे जा.

पोलिसांत तक्रार दिलीय, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. काकांनी त्यांचे पैसे जीपेने दिले होते, त्यामुळे खात्याचा माग आहे. आमचे रोख, म्हणून 1930 या सायबर हेल्पलाइनचा आम्हाला उपयोग नव्हता, पण ऑनलाइन गेलेल्यांनी तिथे तासाभरात फोन करावा. नेरूळ-सीवूड्स पट्ट्यात ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत अशा 'माणसाकडून' वीजबिल भरून घेतलंय, त्यांनी आपली पावती काढून बघा. रोख आणि 5,000 च्या वर असेल तर ॲपवर भरणा दिसतोय का तपासा, आणि दिसत नसेल तर पावती घेऊन पोलीस ठाण्यात जा. आमच्या दोन आहेत. तपास अधिकारी म्हणाले, आणखी आल्या तर काम सोपं होईल.